राखण आणि काढणी

सर्व्हर चालू होताना ज्या उपकरणावरून कार्यप्रणाली वाचून मेमरीत चढवली जाते, ती बूट डिस्क. सर्व्हरच्या इतर डिस्कांवर कंपनीचे पगार, ग्राहकांची बिले आणि साहेबांच्या परदेश दौऱ्याचे फोटो सुखरूप असले, तरी बूट डिस्क वाचता आली नाही तर त्यातले काहीही कोणाला दिसत नाही. काळ्या पडद्यावर ‘बूट करण्याजोगे उपकरण सापडले नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते, कर्सर लुकलुकत राहतो आणि पंखे मात्र काहीच घडले नसल्यासारखे जोरात फिरत असतात.

बूट डिस्कचे खरे काम सुरुवातीच्या दोन-पाच मिनिटांचे. पुढे बरीचशी कार्यप्रणाली मेमरीत असते आणि डिस्कच्या वाट्याला किरकोळ नोंदी लिहून घेण्यापलीकडे फारसे काही येत नाही. लग्नातल्या भटजींची स्थिती अशीच असते. मुहूर्ताला ते नसतील तर सगळे खोळंबते. एकदा अक्षता पडल्या की ते जेवले की नाही हेही कोणी पाहत नाही. फरक एवढाच, की भटजी दक्षिणेची आठवण करून देतात आणि बूट डिस्क गप्प राहते. ती मेली तरी चालू सर्व्हर पुष्कळदा चालूच राहतो. व्हीएमवेअरची ईएसएक्सआय ही प्रणाली तर बहुतांशी मेमरीतूनच कारभार करते. तिची बूट डिस्क गेली तरी आतली आभासी यंत्रे आपापली कामे बिनबोभाट उरकत असतात. निधनाची वार्ता पुढच्या रीस्टार्टला कळते आणि पुढचा रीस्टार्ट कधी, हे कोणी ठरवलेले नसते. ‘आमचा सर्व्हर तीन वर्षांत एकदाही बंद झालेला नाही’ हे वाक्य सांगणारा अभिमानाने सांगतो. ऐकणाऱ्याने ते काळजीने ऐकावे. तो पुन्हा चालू होतो की नाही हे तीन वर्षांत कोणी पाहिलेले नाही, इतकाच त्याचा अर्थ.

पूर्वी बूट डिस्क सर्व्हरच्या दर्शनी भागात, इतर डिस्कांच्या रांगेत असे. दोन फिरत्या डिस्क, एकीवर दुसरीची नक्कल. पण दर्शनी भागातले खण मोजके आणि महाग. कार्यप्रणालीला लागते एवढीशी जागा. तिच्यापायी दोन खण अडवणे हिशेबी लोकांना पटेना. तेव्हा तिची रवानगी आत झाली. मदरबोर्डवर आतल्या बाजूला यूएसबीचे एक तोंड असे, त्यात पेनड्राइव्ह खोचला जाऊ लागला. कोणी एसडी कार्ड वापरले, म्हणजे कॅमेऱ्यात असते तेच. डेलने त्यासाठी दोन कार्डे बसतील असे खास मॉड्यूल काढले. काही लाखांच्या यंत्राची सुरुवात काही शे रुपयांच्या कार्डावर अवलंबून ठेवण्याची ही युक्ती अनेक वर्षे काटकसर म्हणून वाखाणली गेली.

एप्रिल २०२० मध्ये ईएसएक्सआयची ७.० आवृत्ती आली आणि काटकसरीचे व्याज वसूल होऊ लागले. या आवृत्तीने बूट उपकरणावरची विभागणी बदलली आणि त्याच्यावर पूर्वीपेक्षा बरेच जास्त लिखाण होऊ लागले. एसडी कार्डांना इतक्या लेखनाची सवय नव्हती. ती जागोजागी माना टाकू लागली. अखेर ७.० च्या तिसऱ्या अपडेटपासून, म्हणजे २०२१ च्या उत्तरार्धात, केवळ एसडी कार्ड किंवा यूएसबीवर विसंबून बूट करण्याची पद्धत मोडीत निघत असल्याचे व्हीएमवेअरने जाहीर केले. ज्यांनी ग्राहकांना एसडी कार्डे सुचवली होती, त्यांनीच मग ती काढून टाकण्याचे अंदाजपत्रक दिले. दोन्ही वेळा सूर सारखाच आश्वासक होता.

आता बूट डिस्क बहुधा एम.२ जातीची एसएसडी असते. रुंदी २२ मिलिमीटर, लांबी बहुतेकदा ८० मिलिमीटर. अशा दोन एसएसडी एका कार्डावर बसवून एकीची नक्कल दुसरीवर ठेवायची, ही रूढ रचना. डेलच्या २०१७ च्या पिढीतल्या पॉवरएज सर्व्हरमध्ये अशा कार्डाला बॉस म्हणतात. बूट ऑप्टिमाइझ्ड स्टोरेज सोल्यूशन या नावाची ती आद्याक्षरे. त्यामुळे ‘या शनिवारी रात्री बॉसला काढायचे आहे’ हे वाक्य डेटा सेंटरमध्ये उघडपणे आणि लेखी स्वरूपात वापरता येते. पहिल्या बॉसला हात लावायचा तर सर्व्हर बंद करून झाकण उघडावे लागे. २०२१ च्या पिढीपासून तो मागच्या बाजूने, सर्व्हर चालू असतानाही बदलता येऊ लागला. एचपीईची एनएस२०४आय ही उपकरणे याच कामाची. चालू यंत्रातून डिस्क उपसण्याची सोय झाल्याने काम सोपे झाले, आणि चुकीची डिस्क उपसण्याचे कामही तितकेच सोपे झाले.

राखणीचा पहिला उपाय म्हणजे ही नक्कल. तिला रेड-१ किंवा नुसते मिरर म्हणतात. स्वस्त डिस्कांचा संच करून भरवसा वाढवण्याची कल्पना बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ च्या प्रसिद्ध निबंधात मांडली. रेड हे नाव तिथून रूढ झाले. एक डिस्क गेली तर दुसरी काम चालवते. एवढ्यावर कार्यालयात ‘मिरर आहे ना, मग झोपा’ असे धोरण ठरते. धोरणातला दोष असा, की मिररला चूक आणि बरोबर यांतला फरक कळत नाही. कोणी घाईत एखादी आवश्यक फाइल उडवली, तर ती दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी, अत्यंत विश्वासूपणे उडते.

दुसरा दोष कमी माहितीचा आहे. दोन्ही एसएसडी एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या असतात आणि एकाच मिनिटाला कामावर रुजू होतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने आपल्या काही एसएएस एसएसडींविषयी सूचना काढली, की फर्मवेअर बदलले नाही तर त्या ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील. म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. ३२,७६८ हा दोनचा पंधरावा घात असल्यामुळे तास मोजणारा आकडा कुठे ओसंडला असावा, याचा अंदाज जाणकारांना लगेच आला. मार्च २०२० मध्ये आणखी काही डिस्कांसाठी ४०,००० तासांची मुदत जाहीर झाली. या डिस्क बूटपुरत्या नव्हत्या, पण धडा बूटलाही लागू आहे. जुळ्या डिस्क एकाच पत्रिकेने जन्मल्या असतील तर त्यांचे मरणही एकाच घटकेला लिहिलेले असू शकते, आणि मिररचा उपयोग दोन्ही मेल्याची खातरजमा करण्यापुरता उरतो. फर्मवेअर अद्ययावत ठेवणे आणि शक्य तर जोडी वेगवेगळ्या खेपांतून जमवणे, हा त्यावरचा उतारा.

तिसरा दोष फक्त सॉफ्टवेअरने केलेल्या मिररमध्ये आढळतो. लिनक्समध्ये मिरर करणारे सॉफ्टवेअर कार्यप्रणालीचा विभाग दोन्ही डिस्कांवर नीट उतरवते. पण यूईएफआय पद्धतीत सर्व्हर सगळ्यात आधी एक छोटा वेगळा विभाग वाचतो आणि तो बऱ्याचदा पहिल्या डिस्कवर एकट्यानेच नांदत असतो. जुन्या पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत ४४६ बाइटांचा छोटा प्रोग्राम असे. तोही एकाच डिस्कवर टाकून लोक मोकळे होत. पहिली डिस्क गेली की दुसरीवर कार्यप्रणाली संपूर्ण असते, फक्त तिच्यापर्यंत पोहोचायची वाट नसते. म्हणून मिरर केल्यावर एकेक डिस्क बाजूला ठेवून दुसरीवरून सर्व्हर बूट करून पाहावा, असे प्रत्येक पुस्तकात लिहिलेले असते. हे काम ‘पुढच्या आठवड्यात’ या सदरात असते आणि ते सदर कधी बंद होत नाही.

चौथा दोष मिररचा नसून माणसांचा. जोडीतली एक डिस्क मेली की सर्व्हर इमाने इतबारे ईमेल पाठवतो. तो ज्या पत्त्यावर जातो, तो सर्व्हर बसवणाऱ्या इंजिनिअरचा असतो आणि हा इंजिनिअर दीड वर्षापूर्वी पगार वाढवून घेऊन दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. सर्व्हरला हे कोणी सांगितलेले नसते.

राखणीचा दुसरा उपाय म्हणजे डिस्कवर लिहूच न देणे. ही कल्पना फ्लॉपीइतकी जुनी. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की लेखन बंद होई. साडेतीन इंचीत उलट, भोक उघडे ठेवले की बंद. दोन्ही वापरणाऱ्या पिढीचा बराच काळ आपण कुलूप लावले की काढले, हे आठवण्यात गेला. एसडी कार्डाच्या कडेला सरकणारी छोटी खिट्टी असते. तिच्याबद्दल थोड्यांनाच ठाऊक असलेली गोष्ट ही, की ती कार्डाच्या आतल्या विद्युतमंडलाला जोडलेलीच नसते. आपल्याला कुलूप लागले आहे हे कार्डाला माहीत नसते. खिट्टीची जागा पाहून लिहायचे की नाही, हे कार्ड-वाचकाने आपल्या सद्सद्विवेकबुद्धीने ठरवायचे असते. सुरक्षेचा हा सज्जनांमधला करार झाला, आणि तो सज्जनांनी पाळला.

तिसरा उपाय कूटबद्धीकरणाचा. बिटलॉकरसारख्या सोयीने बूट डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद होतो आणि किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपच्या ताब्यात राहते. डिस्क चोरून दुसऱ्या सर्व्हरला लावली, तर तिथली चिप तिला ओळखत नाही. चोर हताश होतो. मदरबोर्ड जळाल्यामुळे तीच डिस्क नव्या बोर्डाला लावणारा मालकही तितकाच हताश होतो, कारण चिपच्या लेखी दोघे सारखेच. तेव्हा ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली लागते. ती सुरक्षित जागी ठेवावी असे सांगितलेले असते, आणि कार्यालयातली सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे तो सर्व्हरच, या समजुतीने ती पुष्कळदा त्यातच जपून ठेवलेली असते.

या किल्लीची किंमत जगाला १९ जुलै २०२४ रोजी कळली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभरच्या विंडोज यंत्रांवर उतरली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. सदोष फाइल कंपनीने ७८ मिनिटांत मागे घेतली, पण जी यंत्रे बूटच होत नव्हती त्यांना ही माघार कळणार कशी? प्रत्येकापाशी जाऊन, ते सेफ मोडमध्ये चालू करून एक फाइल हाताने पुसणे, हा उपाय. ज्यांच्या डिस्क कूटबद्ध होत्या तिथे आधी ४८ अंक. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास पेनाने लिहून दिले गेले. चोरांपासून राखण करण्यासाठी नेमलेल्या पहारेकऱ्यानेच मालकाला दाराबाहेर ठेवावे आणि मालकाला स्वतःच्या घराचा कुलूप-क्रमांक शोधत बसावे लागावे, याचे इतके मोठे प्रात्यक्षिक पूर्वी झाले नव्हते.

चौथा उपाय शारीरिक संरक्षणाचा. सर्व्हरच्या तोंडावर बेझल नावाची जाळीदार चौकट असते. तिला कुलूप असते आणि किल्ली बहुधा त्या कुलपालाच लटकलेली असते. झाकण उघडले गेले तर नोंद करणारे बटण आत असते. ते इमानदारीने नोंद करते. ती नोंद वाचण्याचे काम कोणाकडे आहे, हे मात्र ठरायचे असते. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या मोठ्या डेटा सेंटरांत तर बोटाचा ठसा, ओळखपत्र आणि पिंजऱ्याची जाळी ओलांडल्याशिवाय रॅकपर्यंत पोचता येत नाही. लहान कार्यालयातला सर्व्हर मात्र अनेकदा लेखा विभागाच्या कपाटाशेजारी उभा असतो. त्याच्यावर फायली ठेवल्या जातात, आणि त्याच्या सॉकेटमध्ये दुपारी इलेक्ट्रिक किटलीची पिन जाते.

महाराष्ट्रात याखेरीज वर्षातून एकदा दैवी संरक्षण मिळते. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला हत्यारा-अवजारांची पूजा होते आणि सर्व्हरही अवजारच. तांत्रिक दृष्टीने या पूजेची दोन पथ्ये आहेत. सर्व्हर हवा पुढून ओढतो आणि मागून सोडतो. म्हणून समोरच्या जाळीवर उधळलेले हळदकुंकू श्रद्धेने वाहिले तरी पंख्यांमार्फत थेट मदरबोर्डापर्यंत पोचते आणि झेंडूच्या पाकळ्या जाळीला चिकटून बसतात. नाम ओढायचे ते रॅकच्या दारावर, हार बांधायचा तो हँडलला. दुसरे पथ्य उदबत्तीचे. डेटा सेंटरमधली धूर ओळखणारी यंत्रे अतिशय तल्लख असतात. तिथे उदबत्ती लावली तर देवाच्या आधी अग्निशमन यंत्रणा प्रसन्न होते आणि तिचा प्रसाद संपूर्ण खोलीला मिळतो.

राखणीचे सारे उपाय करूनही बूट डिस्क कधी तरी जाते. जाण्याआधी ती लक्षणे दाखवते. स्मार्ट नावाच्या आत्मपरीक्षण नोंदींत खराब विभागांचा आकडा वाढतो, लिहिण्याचे आयुष्य किती टक्के खर्च झाले ते दिसते, एखादी फाइल वाचायला विलंब लागतो. जोडीतली एक मेली की मिरर ‘डिग्रेडेड’ अवस्थेत जातो आणि दिवा पिवळा होतो. पिवळ्या दिव्याला माणसे लवकर सरावतात. सहा महिन्यांनी हिरवा दिसला तरच कोणी तरी ‘काय झाले’ म्हणून विचारते.

येथून काढणीचा भाग सुरू होतो. प्रत्यक्ष काढणे हे फार तर पाच मिनिटांचे काम. त्याच्या आधी चेंज रिक्वेस्ट असते. तिच्यात जोखीम किती, परत फिरायची योजना काय, कोण हजर राहणार हे रकाने भरायचे असतात. ‘परत फिरायची योजना’ या रकान्यात बहुधा ‘जुनी डिस्क पुन्हा लावणे’ असे लिहिले जाते. ती मेली म्हणूनच काढत आहोत, ही बाब मंजुरी देणाऱ्याच्या नजरेतून सुटते. मुहूर्त शनिवारी रात्री अकराचा. शुक्रवारी संध्याकाळी हे काम करू नये, असा संकेत सर्व कंपन्यांत आहे आणि तो मोडल्याच्या कथाही सर्व कंपन्यांत आहेत.

यानंतरची पायरी ओळख पटवण्याची, आणि ती सर्वांत अवघड. ४२ खणांच्या रॅकमध्ये एकाच बनावटीचे, एकाच रंगाचे सर्व्हर एकावर एक बसवलेले असतात. प्रत्येकाची उंची ४४.४५ मिलिमीटर किंवा तिच्या पटीत. नावाच्या चिठ्ठ्या समोर असतात. काम मागे करायचे असते. चिठ्ठीवरचे नाव सर्व्हरच्या मागच्या जन्मातले असण्याची शक्यताही धरावी लागते. यासाठी उत्पादकांनी एक सोय केली आहे : दुरून आज्ञा दिली की सर्व्हरचा निळा दिवा लुकलुकतो. पुण्याहून फोन करणारा इंजिनिअर आणि महाप्यात रॅकमागे उभा असलेला तंत्रज्ञ यांच्यातला संवाद मग साधारण असा होतो.

‘दादा, निळा दिवा लुकलुकताना दिसतोय का?’

‘हो, दिसतोय ना सर.’

‘बास, तोच आपला.’

‘कुठला सर? दोन दिसतायत.’

दुसरा दिवा कोणी तरी आधीच्या कामाला लावलेला असतो आणि काम संपल्यावर विझवायचा राहिलेला असतो. अशा वेळी सर्व्हरचा अनुक्रमांक वाचून घ्यावा. डेलवर तो सात अक्षरी सर्व्हिस टॅग असतो. फोनवर ‘बी’ आणि ‘डी’, ‘एम’ आणि ‘एन’ सारखेच ऐकू येतात, म्हणून बडोद्याचा बी, डोंबिवलीचा डी, अशी फोड करून खात्री करावी.

चुकीच्या यंत्रावर बरोबर काम करणे किती महाग पडते, याचे उदाहरण गिटलॅब या कंपनीने स्वतः जगापुढे ठेवले. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरची माहिती पुसायला घेतली. चूक लक्षात येऊन हात थांबेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले होते. बॅकअपचे पाच मार्ग होते. त्यांतला एकही वेळेला कामी येण्याच्या स्थितीत नव्हता. सुमारे सहा तास आधी घेतलेल्या एका प्रतीवर निभावले. अभियंता अनुभवी होता. रात्र झाली होती आणि दोन्ही यंत्रांची नावे एकमेकांसारखी होती.

सर्व्हर ठरला की दोन डिस्कांपैकी कोणती, हा प्रश्न येतो. यंत्र खण शून्यापासून मोजते आणि माणूस एकपासून. खण ० मधली डिस्क मेली, असा अहवाल येतो. फोनवर ‘पहिली काढा’ असा निरोप जातो. तंत्रज्ञ खण १ मधली, म्हणजे जिवंत डिस्क काढतो. मेलेली आत राहते, जिवंत हातात येते आणि फोनवर थोडा वेळ कोणी बोलत नाही. लिनक्समधली डिस्कांची ए, बी ही अक्षरेही भरवशाची नाहीत. रीस्टार्टनंतर ती अदलाबदल होऊ शकतात. यासाठी डिस्कचा स्वतःचा अनुक्रमांक आधी कागदावर उतरवून घ्यावा आणि काढल्यावर लेबलाशी ताडून पाहावा. लेबल बहुधा डिस्कच्या त्या बाजूला असते जी बसवल्यावर दिसत नाही.

झाकण उघडून काम करायचे असेल तर त्यावरचा भार इतरत्र हलवून सर्व्हर रीतसर बंद करावा आणि दोन्ही वीजतारा काढाव्यात. दोन्ही हा शब्द महत्त्वाचा आहे. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय अशासाठीच असतात, की एक तार निघाली तरी त्याला कळू नये. मग चालू करायचे बटण काही सेकंद दाबून ठेवावे, म्हणजे आत रेंगाळलेली वीज निघून जाते.

नंतर मनगटी पट्टा. कोरड्या हवेत नुसते चालण्यानेही माणसाच्या अंगावर हजारो व्होल्टचा स्थिर विद्युतभार साठतो. बोटाला झटका जाणवायला तीनेक हजार व्होल्ट लागतात. काही नाजूक सुटे भाग शंभराच्या आतच दगावतात. म्हणजे ‘मला काही जाणवले नाही’ ही साक्ष ग्राह्य धरता येत नाही. मुंबईच्या पावसाळी हवेत हा धोका कमी असला, तरी सर्व्हर-खोलीत वातानुकूलनाने तयार केलेले स्वतंत्र हवामान असते. पट्ट्यात एक मेगाओहमचा रोधक असतो. तो भार हळूहळू उतरवतो आणि चुकून विजेला हात लागलाच तर माणसाला वाचवतो. पट्ट्याचे दुसरे टोक सर्व्हरच्या रंग न लावलेल्या धातूला जोडावे लागते. नुसता मनगटावर बांधून टोक मोकळे सोडण्याची पद्धतही प्रचलित आहे. तिचा उपयोग पाहणाऱ्यावर छाप पडण्यापुरता होतो.

एम.२ डिस्क एका टोकाला खाचेत आणि दुसऱ्या टोकाला एका स्क्रूने धरलेली असते. स्क्रू २ मिलिमीटर व्यासाचा. तो सुटला की डिस्क आपणहून तिरकी उभी राहते. त्याच कोनात तिला सरळ बाहेर ओढायचे, वाकवायचे नाही. ‘बघू या जरा’ म्हणून वारंवार काढून घालणेही बरे नाही. अशा खाचा साधारण साठ वेळा घालण्या-काढण्याच्या बोलीवर बनवलेल्या असतात. या साऱ्या विधीत डिस्क कधी हरवत नाही. स्क्रू हरवतो. तो स्क्रू ड्रायव्हरच्या चुंबकी टोकावरून सुटतो, मदरबोर्डवर दोनदा टणकतो आणि अशा फटीत जातो जिचे अस्तित्व आराखड्यात दाखवलेले नसते. त्याला तसाच सोडून वीज देता येत नाही. रात्रीचा सव्वा वाजतो, सर्व्हर दोघांनी उचलून हळूच तिरका केला जातो आणि मोबाइलची बॅटरी आत फिरवली जाते. स्क्रू शेवटी तंत्रज्ञाच्या बुटाजवळ सापडतो.

नवी डिस्क बसवली की जिवंत डिस्कवरची नक्कल तिच्यावर उतरवायची. इथे दिशा महत्त्वाची. कोरी डिस्क मूळ ठरली आणि भरलेली नक्कल, तर थोड्याच वेळात दोन्ही डिस्क तंतोतंत एकसारख्या होतात, म्हणजे दोन्ही कोऱ्या. युनिक्समधली डीडी ही आज्ञा या बाबतीत पक्षपात करत नाही. तिला कुठून आणि कुठे एवढेच सांगायचे असते, दोहोंत एका अक्षराचा फरक असतो आणि ‘नक्की का?’ असे ती विचारत नाही. नक्कल पूर्ण झाल्यावर सर्व्हर नव्या डिस्कवरून, एकट्या तिच्यावरून, बूट होतो का ते पाहावे. पहाटेचे चार वाजलेले असतात. ही पायरी ‘पुढच्या आठवड्यात’ या सदरात जाते.

उरला प्रश्न काढलेल्या डिस्कचा. ती टेबलाच्या खणात, सुटे स्क्रू आणि बिनझाकणाची पेने यांच्या संगतीत पडते. वास्तविक तिच्यावर पासवर्डांची कूटरूपे, प्रमाणपत्रे, जाळ्याचे पत्ते असा ऐवज असतो. ती मेली आहे ही समजूत अर्धवट खरी. मालकाला ती वाचता येत नाही, पण चिप उपटून वाचणाऱ्याला येऊ शकते. मेलेली असल्यामुळे तिला पुसताही येत नाही. फ्लॅशवर चुंबकाचा परिणाम होत नसल्याने हार्ड डिस्क चुंबकाने निकामी करण्याचा विधी इथे फुकट जातो. ड्रिलने भोक पाडणे समाधानाचे असते, पण मजकूर अनेक चिपांत विखुरलेला असल्याने भोक नेमके मोकळ्या जागेतून जाऊ शकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या डिसेंबर २०१४ च्या मार्गदर्शिकेत पुसणे, खोलवर पुसणे आणि नष्ट करणे अशा तीन पायऱ्या दिल्या आहेत. गोपनीय कामासाठी तिथली सुरक्षा यंत्रणा अशा चिपांचा २ मिलिमीटरचा भुगा मागते.

भुगा न करण्याचा भाव मॉर्गन स्टॅन्लीने मोजला आहे. जुनी डेटा सेंटर मोडीत काढताना त्यांनी हजारो डिस्क आणि सर्व्हरांचे काम सामान हलवणाऱ्या एका कंपनीला दिले. माहिती नष्ट करण्याचा तिला काहीच अनुभव नव्हता. त्यातली काही उपकरणे ग्राहकांच्या माहितीसकट इंटरनेटवरच्या लिलावात विकली गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये ६ कोटी डॉलर आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आणखी ३.५ कोटी डॉलर दंड झाला. भंगाराचा भाव अर्थातच बराच कमी आला होता.

वॉरंटीत नवी डिस्क मिळवायची तर जुनी परत द्यावी लागते. ती स्वतःकडेच ठेवायची असेल तर खरेदीच्या वेळी त्याचे जादा पैसे भरावे लागतात. ते भरलेले नसतात. भरलेले असले तर डिस्क ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे देऊन अनुक्रमांकासह नष्ट केल्याचे प्रमाणपत्र घ्यावे, ते फाइलला लावावे आणि मालमत्ता-नोंदवहीत त्या अनुक्रमांकापुढे ‘नष्ट’ असा शेरा मारावा. वर्षअखेरीला लेखापरीक्षक येतो, तो शेरा वाचतो आणि नियमाप्रमाणे प्रत्यक्ष पडताळणीसाठी ती डिस्क दाखवायला सांगतो.